‘ताई, तुम्ही कायम आईच का करता?’ वाचकांच्या प्रश्नांना एका अभिनेत्रीची उत्तरं

नाटक आणि मालिकांमध्ये काम करणाऱ्या अभिनेत्रीला काय विचारायचंय ते पाठवा असं संपादकांनी सांगितलं होतं आणि तुम्ही भरभरून पाठवलंत, सगळं वाचलं, काही पत्रं तर दोनदा वाचली. मी वीसेक वर्षं हे काम करतेय, बहुतेक दुसऱ्या तिसऱ्या फळीतल्या भूमिका, म्हणजे काकू, वहिनी, शाळेतल्या हेडबाई, आणि आता गेली काही वर्षं मुख्यतः आई. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून फक्त गाव ठेवलंय.

प्रश्न (सांगली, बीकॉमला असलेली मुलगी): मला अभिनय करायचाय पण घरचे म्हणतात चांगल्या घरातल्या मुली नाटकात जात नाहीत. तुम्ही सुरुवात कशी केलीत? एनएसडी (राष्ट्रीय नाट्य विद्यालय) वगैरे केलं का?

तू सांगलीची आहेस म्हणून आधी हे सांगते, विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला सीतास्वयंवर केलं ते तुझ्याच गावात, त्यामुळे नाटक म्हणजे कुठून तरी बाहेरून आलेलं खूळ आहे असं निदान सांगलीत तरी कुणी म्हणू नये. आता मुलींचं म्हणशील तर तेव्हा सीता पुरुषच करायचे, ते पार बालगंधर्वांच्या काळापर्यंत चाललं, पण १९१३ ला फाळक्यांच्या मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई अशा दोघी मायलेकी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या, लोक काय म्हणत असतील याचा विचार कर, आणि कमलाबाई तिथे थांबल्या नाहीत, गोखल्यांच्या घरात लग्न झालं, नंतरही काम करत राहिल्या, त्यांचा मुलगा चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले. १९३३ ला आंधळ्यांची शाळा या नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे होत्या. म्हणजे ‘चांगल्या घरातल्या मुली’ हा वाद नव्वद वर्षांपूर्वीच मिटलाय, तो आता परत उकरून काढायचं कारण नाही.

घरच्यांची खरी काळजी मात्र वेगळी असते आणि ती खोटी नसते. रात्री घरी कोण सोडणार, ग्रुपमध्ये कोण कोण आहे, यातून पोट भरणार का. हे सगळं त्यांना स्वतःहून सांग, त्यांनी खोदून विचारायची वाट बघू नकोस. आणि आईला एकदा तालमीला घेऊन जा, बसू दे तिला कोपऱ्यात तीन तास, तालीम म्हणजे एकच पान परत परत करणं असतं हे डोळ्यांनी बघितलं की पालकांची निम्मी भीती जाते, मी हे बऱ्याच मुलींच्या बाबतीत बघितलंय.

मी एनएसडी केलं नाही. दिल्लीचं एनएसडी, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी, या चांगल्याच जागा आहेत, जमत असेल तर तू जरूर प्रयत्न कर, कारण तिथे काही वर्षं फक्त शिकायला मिळतं आणि अशी चैन बाहेर कुणी देत नाही. मी एकांकिकांमधून आले. पुण्यातली कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, पुरुषोत्तम करंडक, १९६३ पासून चालू आहे, भरत नाट्य मंदिरात तो ‘आव्वाज कुणाचा’चा दंगा ज्याने ऐकलाय त्याला मी काय म्हणतेय ते कळेल. आधी बॅकस्टेजला होते, प्रॉपर्टी म्हणजे नाटकातलं सामान सांभाळायची, मग दोन वाक्यांची शेजारीण मिळाली. दिग्दर्शक आमचाच एक सीनियर, त्याने विचारलं ही बाई दारात येण्याआधी काय करत होती, मी म्हटलं असेल काहीतरी काम, तर तो म्हणाला काहीतरी नको, नक्की काय ते सांग. मग आम्ही ठरवलं की ती भांडी घासत होती. म्हणजे हात ओले, म्हणजे ती कडीला हात लावणार नाही, कोपराने दार ढकलणार, पदराला हात पुसत बोलणार, आणि अर्धं लक्ष मागे चालू राहिलेल्या नळाकडे असणार. त्या दोन वाक्यांत अख्खी बाई आली. आजही कुठलंही स्क्रिप्ट हातात आलं की माझा पहिला प्रश्न तोच असतो आणि माझं सगळ्यात मोठं शिक्षण तेच आहे असं मी मानते.

प्रश्न (ठाणे, आणि असाच प्रश्न नगर, लातूर, डोंबिवलीहूनही): तुम्ही अजून पन्नाशीच्याही नाही, मग तिशीतल्या हिरोची आई का करता? नाही म्हणता येत नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणींनी विचारलाय, हो, जणींनीच, त्यामुळे सविस्तर लिहिते.

ही गोष्ट माझ्यापासून सुरू झालेली नाही. रीमा लागू १९५८ च्या, सलमान खान १९६५ चा, आणि १९८९ ला मैंने प्यार कियामध्ये त्या त्याची आई. सात वर्षांचं अंतर. मग १९९९ ला वास्तव, त्यात संजय दत्त मुलगा, तो १९५९ चा, म्हणजे आई मुलापेक्षा साधारण एका वर्षाने मोठी. रोहिणी हट्टंगडींनी गांधीमध्ये तरुण कस्तुरबांपासून म्हाताऱ्या कस्तुरबांपर्यंत सगळं केलं आणि त्यासाठी बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळवला तेव्हा त्या तिशीच्या आसपास होत्या, आणि दोन वर्षांनी सारांशमध्ये मुलगा गमावलेली म्हातारी आई. या दोघींनी जे केलं ते आम्हाला अभ्यासाला ठेवावं असं आहे, वयाच्या पुढचं शरीर, पुढचा आवाज, चालणं, सगळं अंगात आणणं ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्यांनी ते उत्तम केलं म्हणून ती पद्धत बरोबर ठरत नाही ना. पन्नाशीतला नट हिरो असतो आणि पस्तिशीच्या नटीला फोनवर विचारलं जातं की ‘मॅडम, आईसाठी लूक टेस्ट द्याल का’, याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

मग हो का म्हणते? कारण आई करण्यात कमीपणा आहे असं मला वाटत नाही. मला नको असते ती दिवस नसलेली आई. म्हणजे बघा, मालिकेत सकाळी देवापुढे दिवा लावते, मुलाला डबा देते, रात्री दाराकडे बघत बसते आणि मधल्या बारा तासांत ती कुठे होती हे लेखकाला माहीतच नसतं, कारण मुलगा घरात नसताना ती असतच नाही. वास्तवची आई वेगळी का वाटते, कारण शेवटी स्वतःच्या मुलावर गोळी झाडायचा निर्णय ती घेते, तो तिचा असतो, तिच्यावाचून गोष्ट संपूच शकत नाही. अशी आई मला शंभर वेळा द्या.

एका मालिकेत मी लेखकाला विचारलं, या बाई दुपारी काय करतात? तो चांगला मुलगा होता, विचारात पडला, म्हणाला तुम्हीच सांगा. मी म्हटलं ब्लाऊज शिवू दे तिला. सेटवर शिलाई मशीन आलं, मी माझ्या ओळखीच्या शिवणाऱ्या बाईंकडे जाऊन बसले, टेप गळ्यात कसा टाकतात, टाचण्या ओठात धरून कसं बोलतात, खडूची खूण, सगळं बघून घेतलं. आधी वाटलं नुसती हाताला चाळा म्हणून गोष्ट राहील, पण हळूहळू त्यातूनच सीन यायला लागले. गिऱ्हाईक येतं, मापं घेताना दोन बायका एकमेकींच्या इतक्या जवळ उभ्या असतात की आपोआप मनातलं बोललं जातं, आणि मुलाला जे कधी सांगितलं नाही ते ती गिऱ्हाइकाला सांगते. प्रेक्षकांची पत्रं आली ती त्या सीनबद्दल आली, रडारडीच्या सीनबद्दल नाही.

तर नाही म्हणता येतं, मी म्हणतेही. आधी वय विचारायचे, आता मी बाईचा दिवस विचारते. तो नसेल आणि घालूही देणार नसतील तर नाही म्हणते.

प्रश्न (परभणी): तुमच्यावर कुणाचा प्रभाव आहे? आदर्श कोण?

सुलभा देशपांडे. बाकी सगळे नंतर. छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या, रंगायन या नाट्यसंस्थेत काम करत होत्या, १९६७ ला शांतता! कोर्ट चालू आहेमधली बेणारेबाई केली, शेवटचं ते स्वगत मराठी रंगभूमीवरच्या प्रत्येक मुलीने कधी ना कधी आरशासमोर म्हटलेलं असतं. पण माझ्यासाठी त्या फक्त बेणारे नाहीत. पती अरविंद देशपांड्यांबरोबर आविष्कार ही नाट्यसंस्था उभी केली, छबिलदासच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकं होत राहिली, लहान मुलांच्या नाटकांसाठी चंद्रशाला चालवली, आणि २०१२ ला इंग्लिश विंग्लिशमध्ये सासू म्हणून दिसल्या तर थोड्याशा सीनमध्ये ती सासू सुनेला समजून घेणारी आहे हे नुसत्या बघण्यातून कळतं. मोठ्या भूमिकेला जेवढं दिलं तेवढंच छोट्या भूमिकेला द्यायचं, हे मी त्यांच्याकडे बघून शिकले.

दुसरे निळूभाऊ फुले. सिनेमातला त्यांचा सरपंच, सावकार बघून बायका खरोखर घाबरायच्या आणि माणूस मुळात राष्ट्र सेवा दलातला, अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारा, लोकनाट्यातून तयार झालेला. १९७२ ला सखाराम बाइंडर नाटक आलं त्यात सखाराम त्यांनी केला. त्यांचं काम बघताना लक्षात येतं की ते ओरडत नाहीत. सगळी सत्ता त्या सावकाश बोलण्यात आणि धोतराचा सोगा सावरण्यात असते. खलनायकी आई करायची वेळ आली तेव्हा मी तेच केलं, आवाज खाली आणला, दिग्दर्शक म्हणाले थोडं जोरात, मी म्हटलं एक टेक असाच घेऊन बघा, तो टेक राहिला.

आणि ज्यांच्याबद्दल कुणी विचारत नाही ती बॅकस्टेजची माणसं. सेट लावणारे, इस्त्री करणारे, विंगेत पुस्तक धरून उभे राहणारे प्रॉम्प्टर. आमच्या एका नाटकाचा प्रॉम्प्टर सगळ्यांची सगळी वाक्यं नुसत्या ओठांनी म्हणायचा, आणि त्याचे ओठ थांबले की मला कळायचं मी पॉज जास्त घेतेय.

प्रश्न (नाशिक): मालिकेत रोज एवढं पाठांतर कसं करता?

पाठांतर करायला वेळच नसतो हे खरं उत्तर आहे. सीन पुष्कळदा त्याच सकाळी येतात, कधी मेकअपच्या खुर्चीत, कधी लाइट लागत असताना. मी वाक्यं नंतर बघते, आधी बघते की या सीनमध्ये कोणाला कोणाकडून काय हवंय, ते एकदा कळलं की वाक्यं त्याच्या मागे मागे येतात आणि एखादा शब्द इकडे तिकडे झाला तरी अर्थ सुटत नाही. खरी डोकेदुखी कंटिन्युइटीची. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे अख्खा सीन लांबून घेतात त्यात, कप कुठल्या वाक्याला उचलला होता ते क्लोजअपला तसंच हवं, टिकली, पदर, केसांची बट सगळं तसंच, आणि मधे जेवणाचा ब्रेक झालेला असतो.

प्रश्न (कराड): रडायला ग्लिसरीन लावता का?

कधी कधी लावते. बारा तासांच्या शिफ्टमध्ये पाच सीन रडायचे असतील तर डोळे साथ देत नाहीत. नाटकात कधीच नाही.

प्रश्न (पुणे, एक निवृत्त काका): एकाच नाटकाचे शेकडो प्रयोग करताना कंटाळा येत नाही का?

काका, नाही येत, आणि हे मी मनापासून सांगतेय. प्रशांत दामल्यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये १२,५०० वा प्रयोग केला, कंटाळा येत असता तर हा आकडा दिसलाच नसता. प्रयोग तोच असतो पण समोरचा नट आज वेगळ्या श्वासावर वाक्य टाकतो, आणि तुम्ही ऐकत असाल तर तुमचं उत्तर बदलावंच लागतं. शिवाय दादरच्या शिवाजी मंदिरचा प्रेक्षक, पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरचा प्रेक्षक, ठाण्याच्या गडकरी रंगायतनचा प्रेक्षक, तिघांचा हशा वेगवेगळ्या ठिकाणी येतो. माझी एक भूमिका मला कितीतरी प्रयोग झाल्यावर कळली. त्या बाईला नवऱ्याचा राग येत नसून दया येते, हे एका रविवारी दुपारच्या प्रयोगात मधल्याच एका वाक्याला लक्षात आलं आणि तिथून पुढचं सगळं हललं. कॅमेऱ्यासमोर एकदा ओके झालं की दार बंद होतं, नाटकात पुढच्या प्रयोगाला परत जाता येतं.

प्रश्न (कोल्हापूर): पैसे पुरतात का? खरं सांगा.

खरं सांगते. नाटकात नाइट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन मिळतं, प्रयोग झाला की पाकीट, प्रयोग रद्द तर काही नाही. मालिकेत दिवसाचे पैसे ठरतात पण हातात यायला तीन तीन महिने जातात, आणि ट्रॅक म्हणजे आपल्या पात्राची गोष्ट संपली की फोन बंद, मालिका अचानक गुंडाळली तर तुम्ही काल कामावर होता आणि आज नाही. मार्च २०२० ला थिएटरं बंद झाली, मधे थोडे दिवस निम्म्या क्षमतेने उघडली, परत बंद, आणि शेवटी २२ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली, तीही निम्म्याच क्षमतेने. नटांनी कसंतरी निभावलं, बॅकस्टेजच्या माणसांची फार परवड झाली, काहीजण जे गावी गेले ते परत आलेच नाहीत.

म्हणून नवीन मुलांना मी सांगते, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय नोकरी सोडू नका, आणि जोडीला डबिंग, निवेदन, शाळांमधल्या नाट्य कार्यशाळा असं काहीतरी ठेवा. मी डबिंग अजूनही करते आणि त्याला कमी समजत नाही, आवाजाची तालीम फुकटात होते. पैशांचं बोलणं काम सुरू व्हायच्या आधी करायचं, लाजायचं नाही, लेखी घ्यायचं.

प्रश्न (ब्रह्मपुरी): झाडीपट्टीत काम केलंय का? मुंबई-पुण्याचे लोक आमच्या रंगभूमीला धरतच नाहीत.

केलंय, एक सीझन पाहुणी कलाकार म्हणून आले होते आणि तुमची तक्रार शंभर टक्के बरोबर आहे. इकडच्या वाचकांना माहीत नसेल तर सांगते, झाडीपट्टी म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा पट्टा, तिथे दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो, वडसा म्हणजे देसाईगंजला कंपन्यांची ऑफिसं आहेत, गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते आणि रात्री नाटक, ते उजाडेपर्यंत चालतं. थंडीत लोक घोंगड्या, शाली घेऊन बसतात, आज्या, नातवंडं सगळे, आणि नाटक आवडलं नाही तर लगेच कळतं. रात्री अडीच वाजता हजारभर माणसांना जागं ठेवायचं म्हणजे काय असतं हे तिथे समजलं. माझं शहरातलं हळू, आतल्या आत करायचं काम पहिल्या रात्री शेवटपर्यंत पोचतच नव्हतं, तिथल्या एका नटीने सांगितलं, बाई, वाक्य आधी पायातून येऊ द्या. म्हणजे आधी पाऊल टाका, मग बोला. दुसऱ्या रात्रीपासून लोक माझ्याबरोबर होते. २०२३ ला झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. आमच्याकडच्या निर्मात्यांनी एकदा तरी तिथे रात्रभर बसून यावं असं मला फार वाटतं.

प्रश्न (नागपूर, आणि बऱ्याच जणांचा): आता पुढे काय? हिंदी, ओटीटी, पुरस्कार, काय स्वप्न आहे?

हिंदी, ओटीटीत छोटी कामं केलीत, चांगली आली तर अजून करीन, तिथे तयारीला वेळ देतात ते मला आवडतं. पुरस्कार मिळाला तर आनंदच होईल, खोटं कशाला बोलू.

पण ज्याच्यासाठी मी सकाळी उठून आवाजाचा रियाज करते ते वेगळं आहे. मला साठीच्या पुढच्या बायका करायच्यात ज्या कुणाच्या तरी आई असतील किंवा नसतीलही, पण नाटक त्याबद्दल नसेल. पुरुषांसाठी मराठीत नटसम्राट आहे, १९७० पासून पिढ्यानपिढ्या मोठे नट त्या भूमिकेकडे डोळे लावून बसतात, डॉक्टर श्रीराम लागूंनंतर कितीजणांनी ते आव्हान घेतलं. मी साठीची होईन तेव्हा डोळे लावून बसावं अशा भूमिका माझ्यासमोर फार थोड्या आहेत. त्या कुणीतरी लिहून आणून देईल म्हणून थांबण्यात अर्थ नाही, म्हणून मी आणि एक तरुण लेखिका मिळून सध्या एक नाटक तयार करतोय. दोनच पात्रं, दोघी निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, एकेकाळी शेजारी शेजारी बसून ट्रंक कॉल म्हणजे परगावचे फोन हाताने जोडायच्या, आता खूप वर्षांनी भेटतात. सेट फार लागणार नाही, दोन खुर्च्या आणि एक बोर्ड, म्हणजे छोट्या हॉलमध्ये, शाळेत, तालुक्याच्या गावी कुठेही करता येईल आणि परभणी, ब्रह्मपुरी, कराड सगळीकडे यायचंय.

पहिला अंक लिहून झालाय, दुसऱ्यात अडकलोय, कारण आम्हाला माहिती कमी पडतेय. तर आता माझाच प्रश्न वाचकांना. तुमच्यापैकी कुणी किंवा तुमची आई, मावशी, आत्या ट्रंक कॉलच्या काळात टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरीला असेल तर संपादकांच्या पत्त्यावर मला जरूर लिहा. रात्रपाळीला किती जणी असायच्या, हेडफोनने कान दुखायचे का, घाईचा कॉल लागत नसला की लोक काय काय बोलायचे, आणि जोडलेलं बोलणं कानावर पडून कधी झोप उडाली का. हाताने लिहिलेलं असलं तरी चालेल, फोटो काढून पाठवा.